सविताचा तिसरा अंगठा

१

बुधवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी रेश्मानं संगणकावर सविताचा अंगठा उघडला, तर तो बाहुलीचा झाला होता.

काल चारपर्यंत तो चांगला माणसाच्या मापाचा होता. रेश्मानं स्वतः घडवलेला, तीनदा तपासलेला. आज छपाईच्या चौकटीत मधोमध करंगळीच्या पेराएवढं काहीतरी बापुडवाणं उभं होतं. फाईलचं नाव तेच, जागा तीच. लिहिल्याची वेळ मात्र काल संध्याकाळी सहा पन्नासची, आणि रेश्मा तर साडेपाचलाच काष्टीची एसटी धरून घरी गेली होती.

"कुणाचे हात शिवशिवले रे?" ती एकटीच मोठ्यानं म्हणाली.

नागापूरच्या एमआयडीसीत आप्पासाहेबांचं हे वर्कशॉप. मोठ्या शेडमध्ये लेथ आणि मिलिंग मशीनं, आणि बाजूच्या काचेच्या खोलीत थ्रीडी प्रिंटर. प्रिंटर आणला होता नमुन्याचे सुटे भाग काढायला. पण कडबाकुट्टीत बोटं गेलेला एक शेतकरी सहज विचारायला आला, त्याला बोट करून दिलं, आणि तेव्हापासून लोक येतच राहिले. त्यांच्या हाताचं स्कॅन वाचायचं, त्यावर नवं बोट चढवायचं आणि छापायची फाईल लिहायची, हा प्रोग्रॅम रेश्मानं पायथन ह्या संगणकाच्या भाषेत स्वतः लिहिला होता.

सविता शेवगावकडची, ब्लाउज शिवणारी. उजवा अंगठा कुट्टीत गेला, नुसता बुंधा राहिला. मशीन चालवायला बाकीची बोटं पुरतात, पण कात्रीच्या कडीत अंगठाच लागतो. तिला केलेला पहिला अंगठा रुतला. दुसराही रुतला. गेल्या खेपेला ती निघताना म्हणाली होती, "मॅडम, तुमच्या कष्टाला मी नावं न्हाई ठेवत. पन आता तिसरा न्हाई बसला तर शिलाई मशीन देऊन टाकनार. गिऱ्हाईक लागलंय, बुधवारी संध्याकाळी न्यायला येतंय."

आज तोच बुधवार. सविता तीनला येणार होती आणि छपाईला चार तास लागणार होते.

तशी घाबरण्यासारखी गोष्ट नव्हती, कारण रेश्माच्या पेन ड्राइव्हवर तिची मूळ फाईल सुखरूप होती. ती घालायची, प्रिंटर सुरू करायचा आणि खोडसाळाला नंतर शोधायचं. तिनं भिंतीला सरकवलेली खुर्ची ओढून घेतली. झाडणाऱ्या बाईनं सरकवली असावी. पडद्यावरची अक्षरं कुणीतरी बोराएवढी करून ठेवली होती, तीही तिनं चरफडत लहान केली.

पण पेन ड्राइव्ह लावता लावता तिनं तो बाहुलीचा अंगठा उगाच मोठा करून, फिरवून पाहिला आणि तिचा हात थांबला.

अंगठ्याच्या मुळाशी बुंधा आत जायला वाटी असते. त्या वाटीचा काठ तळहाताच्या बाजूला किंचित बाहेर फुगवलेला होता. आजूबाजूला कुठं सुरकुती नाही, खाच नाही. खोडी काढणारा माणूस एवढं निगुतीनं काम करत नाही.

२

पहिला संशय पार्थवर जाणं साहजिकच होतं.

पार्थ वर्कशॉपचा डिझाइन इंजिनिअर. त्याच्याकडे महागडं डिझाइनचं सॉफ्टवेअर होतं आणि त्याचा त्याला भलताच अभिमान. कालच जेवणाच्या सुट्टीत तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "रेश्मा, तुझा प्रोग्रॅम दोनदा नापास झालाय. तिसऱ्यांदा माझ्याकडे दे. गावठी चुलीवर केक भाजू नकोस."

रेश्मा त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. "काल संध्याकाळी माझ्या संगणकावर तू बसला होतास?"

"मी? मला नगरला लग्नाला जायचं होतं, पाचलाच निघालो. फोटो दाखवू?" आणि त्यानं खरंच दाखवले. फेटा बांधलेला पार्थ फोटोत जिलेबीच्या ताटावर वाकला होता. "काय झालंय?"

तिनं सांगितलं. मग त्याच्या तोंडून टोमण्याऐवजी भलतंच निघालं. "आज सविताताई येणार ना? चल, बघू दे मला."

दोघं काचेच्या खोलीत आले. पार्थ म्हणाला, "आकृती नको दाखवू. फाईल नुसती अक्षरांच्या एडिटरमध्ये उघड. माझ्या सॉफ्टवेअरमधून निघालेल्या फाईलच्या कपाळावर त्याचं नाव असतं. पुढचं सगळं यंत्राच्या भाषेतलं असतं, माणसाला वाचता येत नाही."

रेश्मानं उघडली. वस्तू संगणकात ठेवायची तर तिच्या पृष्ठभागाची त्रिकोणांची जाळी विणतात. दर त्रिकोणाचे तीन बिंदू आणि दर बिंदूचे तीन आकडे, एवढीच काय ती फाईल. रेश्माचा प्रोग्रॅमही हे आकडे यंत्राच्या भाषेतच लिहायचा, कारण त्यात जागा कमी लागते. पण पडद्यावर आता ओळीखाली ओळ साध्या अक्षरांत उमटत होती. हा त्रिकोण, हे त्याचे तीन बिंदू, त्रिकोण संपला. पुन्हा पुढचा त्रिकोण. शाळेच्या वहीत पाढे लिहावेत तसे हजारो त्रिकोण कुणीतरी मांडले होते.

"हे माझंही नाही आणि तुझंही नाही," पार्थ म्हणाला. "असं लिहितं कोण?"

रेश्माला उत्तर ठाऊक होतं आणि ते तिला अजिबात आवडलं नाही. असं लिहितात नवशिके. आणि तिनंच त्यांना शिकवलं होतं.

३

गेले दोन महिने दर शुक्रवारी दुपारी रेश्मा वर्कशॉपमधल्या लोकांना पायथन शिकवत होती. पहिल्या दिवशी पाचजण आले, तिसऱ्या शुक्रवारी नियमानं येणारी एकटी मोनिका उरली. बाकीचे येत ते पंख्याखाली डुलकी काढायला. पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणून रेश्मा हसण्यावारी न्यायची, पण मनातून खट्टू व्हायची.

त्या वर्गात तिनं एक गोष्ट दहादा सांगितली होती. "फाईल वाचायला माझी तयार ओळ वापरा. पण लिहिताना आधी साध्या अक्षरांत लिहा. आपण काय लिहिलंय ते आपल्या डोळ्यांना दिसलं पाहिजे."

मोनिका प्रिंटर सांभाळायची. तिला बोलावलं तर तिचे डोळे आधीच भरून आले. "मॅडम, मला एवढं आलं असतं तर मी पेढे वाटले असते. माझं अजून त्रिकोणातच अडलंय."

"काल शेवटी कोण गेलं?"

"मी सहाला निघाले, पण डबा विसरला म्हणून सातला परत आले. ह्या खोलीत दिवा होता, आत कुणी नव्हतं. संगणक चालू होता. आणि मॅडम, एक विचित्र वाटलं. खुर्ची पार भिंतीपाशी होती. मी म्हटलं, इथं कुणी उभ्यानं काम करत होतं की काय?"

झाडणारी बाई तर सकाळी येते, हे रेश्माला आत्ता आठवलं. मग खुर्ची कालच सरकवलेली होती. काम करणारा उभा होता, आणि अक्षरं बोराएवढी करून वाचत होता.

तिनं घड्याळ पाहिलं. दहाला पाच कमी. अकराच्या आत प्रिंटर सुरू झालाच पाहिजे होता.

"तुझी जुनी फाईल घाल आणि मोकळी हो," पार्थ म्हणाला.

"दोनदा मोकळी झालेच की. दोनदा रुतला." रेश्मा हट्टानं म्हणाली. "ह्या माणसाला सविताच्या हाताबद्दल काहीतरी कळलंय. मला न कळलेलं."

४

आता आकड्यांनाच बोलतं करायचं तिनं ठरवलं.

दोन्ही फाईली वाचून शेजारी शेजारी मापं मांडणाऱ्या चार ओळी तिनं लिहिल्या. तिच्या अंगठ्याची लांबी साडेत्रेसष्ट मिलिमीटर, बाहुलीच्या अंगठ्याची बरोब्बर वीस. पट्टा अडकवायच्या दोन भोकांमधलं अंतर तिच्या फाईलीत अडतीस पूर्णांक एक, तर बाहुलीच्या बरोब्बर बारा. तिनं भागाकार केला. दोन्हीकडे उत्तर एकच आलं, तीन पूर्णांक एकशे पंच्याहत्तर.

म्हणजे अंगठा चुकून आक्रसला नव्हता. एकूण एक बिंदूला कुणीतरी ह्या आकड्यानं भागलं होतं.

"सेंटिमीटर केले असते तर दहानं भागलं असतं," पार्थ पुटपुटला. "इंच केले असते तर पंचवीस पूर्णांक चारनं. ही तीन पूर्णांक कितीची काय भानगड?"

फुगवलेल्या काठाचं माप तिनं शेवटी काढलं. काठ सगळ्यात जास्त जिथं बाहेर गेला होता, तिथं तो बरोब्बर अर्ध्या मिलिमीटरनं गेला होता. वीस, बारा, अर्धा. ज्याला हे आकडे सरळ वाटतात, त्याची मोजपट्टी तिच्यापेक्षा वेगळी होती.

तेवढ्यात शेडमधून नेहमीचा खणखणीत आवाज आला. लेथच्या घरघरीवर ताण करणारा. "अरं अजून अर्धं सूत काढ! किती येळा सांगू, अर्धं सूत!"

रेश्मा आणि पार्थनं एकमेकांकडे पाहिलं.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. नागापुरातल्या जुन्या फिटर-टर्नरांचं सगळं जग सुतात. रेश्मानं कागद ओढून पंचवीस पूर्णांक चारला आठानं भागलं.

तीन पूर्णांक एकशे पंच्याहत्तर.

"काखेत कळसा," पार्थ म्हणाला, "आणि आपण गावाला वळसा घालतोय."

हा आवाज ज्याचा होता, तो माणूस दर शुक्रवारी तिच्या वर्गात शेवटच्या बाकावर चहाचा कप घेऊन डोळे मिटून बसायचा.

५

छगनमामा चाळीस वर्षं लेथवर उभे होते. बसून काम केलं की हात खोटं बोलतो, असं म्हणायचे. शर्टाच्या खिशात स्टीलची पट्टी, नाकावर जाड चष्मा, आणि संगणकाचा विषय निघाला की एकच वाक्य ठरलेलं, "त्या काचंमागच्या खेळाला आपुन हात लावनार न्हाई."

रेश्मानं ह्यावर काही विचारलं नाही. सविताच्या डाव्या हाताचा प्लास्टरचा नमुना होता, ज्याच्यावरून उजवा अंगठा आरशासारखा उलटवून घेतला होता. तो तिनं त्यांच्यापुढे धरला. "मामा, हा अंगठा किती भरतो हो?"

मामांनी पट्टी काढली, लावलीसुद्धा नाही. "वीस सूत."

मग त्यांनी वर पाहिलं. रेश्माच्या मागे पार्थ होता, पार्थच्या मागे मोनिका. मामांनी लेथ बंद केला. चष्मा काढून बनियनला पुसायला लागले आणि पुसतच राहिले.

"बिघडलं का सगळं?" त्यांनी हळूच विचारलं. "ताई, देवाशपथ, मला तुमची फाईल पुसायची न्हवती. मी लिवली तर जुनी गायबच झाली."

"लिहायला उघडली की आधीचं पुसलं जातं, मामा. हे मी पाचव्या शुक्रवारी सांगितलं होतं."

"त्या शुक्रवारी खरंच झोप लागली हुती."

मोनिकाला हसू आवरेना. रेश्मानं स्वतःचं दाबलं. "पण मला विचारलं का नाहीत? निदान सांगायचं तरी!"

"काय सांगू? सातवी नापास मानूस मी. साठी उलटल्यावर पाटी घिऊन बसला म्हनून पोरं हसली असती. रोज संध्याकाळी तुमी गेल्यावर एकेक अक्षार बगून बगून टायपायचो. दोन महिनं लागलं." मामा खाली मान घालून बोलत होते. "काल सविता आज येनार म्हनून ऱ्हावलं न्हाई. मोनिकाची चाहूल लागली तसा खुर्ची, दिवा सगळं तसंच टाकून निघालो."

"काठ का फुगवलात?"

ह्या प्रश्नासरशी मामांची मान वर आली. आता बोलत होता तो चाळीस वर्षांचा टर्नर. "तुमी तिचं माप कसं घेतलं? हात उताना, बोटं पसरून, टेबलावर. खरं का न्हाई? आता कात्री धरल्यावानी मूठ वळा बरं."

रेश्मानं वळली.

"अंगठ्याच्या बुडाचं मांस बगा. उघड्या हाताला सपाट हुतं, आता कसं वर आलं! दोन्ही येळंला ती हितं उभी हुती, मी बगत हुतो. अंगठा घालताना काय न्हाई, मूठ मिटली की तोंड वाकडं करायची. लेथवर लावलेल्या जॉबवर भार आला की तो फुगतो, त्याला जागा ठिवावी लागती. अर्धं सूत पुरं."

दोन महिने रेश्मा त्रिकोण मोजत होती, जाळी बारीक करत होती, आणि सविताचा मिटलेला हात तिनं एकदाही पाहिला नव्हता. तिला लाज वाटली, आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

"पण मामा, तुमचा अंगठा बाहुलीचा झालाय."

"म्हंजी?"

"तुम्ही सगळं सुतात केलंत."

"मंग कशात करनार? तुमच्या मिलिमीटरात मला काय दिसंना. सूत केलं तवा डोळ्यापुढं अंगठा उभा ऱ्हायला."

"फाईलीत नुसता आकडा राहतो, मामा. वीस म्हणजे वीस काय, हे तिला ठाऊक नसतं. प्रिंटर समजतो वीस मिलिमीटर."

मामांनी कपाळावर हात मारून घेतला. "आयला! मला वाटलं, सूत हाय हे तिला कळतंच आसंल!"

६

साडेदहा वाजून गेले होते. रेश्मा खुर्चीवर बसली आणि मग काय वाटलं कोण जाणे, उठून तिनं खुर्ची भिंतीला सरकवली. मामांना कळफलकासमोर उभं केलं आणि अक्षरं पुन्हा बोराएवढी केली.

"तुम्हीच लिहा. दर बिंदूला गुणिले तीन पूर्णांक एकशे पंच्याहत्तर."

"मी?"

"अंगठा तुमचा आहे."

एका बोटानं, एकेक अक्षर शोधत मामांनी ती ओळ लिहिली. पार्थ मागे उभा राहून कंस दाखवत होता. केकचं नाव त्यानं काढलं नाही. फाईल पुन्हा लिहिली गेली, अंगठा पडद्यावर वाढून माणसाचा झाला, आणि पावणेअकराला मोनिकानं प्रिंटर सुरू केला.

पेन ड्राइव्हवरची फाईल रेश्माच्या खिशातच राहिली. मामांचा अंदाज चुकला असता तर तिसरी खेप वाया गेली असती आणि सविताचं मशीन आज गेलं असतं, हे तिला ठाऊक होतं. दुपारचा डबा तिला गेला नाही.

सविता तीनला आली. पिशवीतून स्वतःची कात्री घेऊन आली होती. मोठी, काळ्या मुठीची. टेबलावर ठेवताना म्हणाली, "ही बी चालवून बगायला आनली. न्हाई बसला तर मशीनबरोबर हिलाबी देऊन टाकीन."

रेश्मानं अंगठा चढवला, पट्टा आवळला. "आता मूठ मिटा."

सवितानं सवयीनं आधीच तोंड वाकडं केलं. मूठ हळूहळू मिटली. तोंड तसंच वाकडं राहिलं होतं, पण आता विनाकारण. तिनं मूठ उघडली, पुन्हा मिटली.

"रुततंय?" रेश्मानं विचारलं.

सवितानं कात्रीच्या कडीत अंगठा घातला. आजूबाजूला कापड नव्हतं. तिनं स्वतःच्या पदराच्या टोकाकडे पाहिलं आणि सगळे हसले. मग पार्थनं खिशातला पांढरा स्वच्छ रुमाल काढून पुढे केला. कात्री चालली. सरळ, एका दमात, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"रुमालाचं दोन झालं," सविता म्हणाली आणि रडायलाच लागली. रडता रडता तिनं डाव्या हातानं फोन लावला. "आवं ऐका, मशीन न्यायला मानूस येईल, त्याला च्या पाजून माघारी लावा. म्हनावं, मशीनला मालकीन हाय."

मग ती रेश्माच्या पाया पडायला वाकली. रेश्मानं तिला धरून शेडच्या दाराकडे वळवलं. "माझ्या नका पडू. अंगठा त्यांनी केलाय."

दारात छगनमामा उभे होते. सविता त्यांच्याकडे पाहत राहिली, नखापासून खांद्यापर्यंत. "बाबा, तुमाला कसं कळलं? माझ्या हाताला तर तुमी हातबी लावला न्हाई."

"बगितलं," मामा म्हणाले. "दुसरं काय येतंय आमाला?"

७

त्यानंतरच्या शुक्रवारी वर्गाला आठजण आले आणि मामा पहिल्या बाकासमोर उभे राहिले. वही पार्थनं आणून दिली होती. रेश्मानं आपल्या प्रोग्रॅममध्ये दोन बदल केले होते. माप घेताना आता हात दोनदा स्कॅन होत होता, एकदा उघडा, एकदा मिटलेला. आणि फाईल लिहिण्याआधी प्रोग्रॅम विचारायचा की माप मिलिमीटरमध्ये आहे, इंचात आहे की सुतात. पार्थनं ती यादी वाचली. तो म्हणाला, जगात कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हा तिसरा पर्याय नसेल. रेश्मा म्हणाली, मग त्यांचं नुकसान.

तीन आठवड्यांनी शेवगावहून येणाऱ्या टेम्पोतून छगनमामांच्या नावानं एक पुडकं आलं. आत फिकट निळा शर्ट होता. टाके बारीक, काठ कापलेला सरळ. मामांनी तो तिथंच अंगात घातला. खांदा खांद्यावर, बाही मनगटावर, कुठं बोटभर इकडेतिकडे नाही. छातीवर नेहमीच्या खिशाशेजारी एक अरुंद, लांब खिसा वेगळा शिवला होता. स्टीलची पट्टी त्यात अशी बसली की नुसतं वरचं टोक दिसावं.

"पण तिनं तुमचं माप कधी घेतलं?" मोनिकानं विचारलं.

मामांनी खिशावर हात ठेवला.

"न्हाई घेतलं," ते म्हणाले. "तिनंबी बगितलंच."